‘घरात एक आरटीओ हवा’ म्हणणाऱ्या वडिलांना

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरच्या तीन मालवाहू गाड्या, मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एमपीएससी करून तो आरटीओत लागला की गाड्यांची कटकट मिटेल, असं तुम्ही लिहिता. पण तो अभ्यास सोडून गाड्यांचे कागद घेऊन बसतो आणि परवा दहा टायरी गाडीत पाच टन जादा माल भरू दिला नाही, भाडं गेलं, हा तुमचा राग. मुलाला काय व्हायचंय, यावर मात्र एक ओळ नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

स्पष्ट बोलतो. तुम्हाला मुलाचं करिअर नको आहे, खात्यात आपला माणूस हवा आहे. घरच्या गाड्या सोडवायला मुलाला सरकारी नोकरीत धाडलंत, तर त्याची नोकरी पहिल्या दिवसापासून धोक्यात घालाल.

शिवाय ‘कोणतीही पदवी घेऊन एमपीएससी दिली की इन्स्पेक्टर’ हा समज डोक्यातून काढा. आरटीओतल्या इन्स्पेक्टरला, म्हणजे सहायक मोटार वाहन निरीक्षकाला, गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, चासी तपासायची असते. म्हणून तिथे मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगचं शिक्षण लागतं. नुसत्या बी.कॉम.वर अर्जसुद्धा करता येत नाही. क्लासची फी भरण्याआधी जाहिरातीतली पात्रता वाचा.

आता त्या बुडालेल्या भाड्याबद्दल. तीन अ‍ॅक्सलच्या दहा टायरी गाडीचं मालासकट वजन साडेअठ्ठावीस टनांच्या आत हवं. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे पाच टनांचे ३०,००० झाले असते, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलली नसती. घाट उतरताना अशा गाडीचे ब्रेक तापतात, तेव्हा स्टिअरिंगवर तुमचा ड्रायव्हर असतो. पोराने पैसेही वाचवले आणि त्या माणसाचाही विचार केला. त्यावर तुम्ही त्याला बोल लावलात, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुम्ही ज्याला कागद घेऊन बसणं म्हणता, ते पगारी काम आहे. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे याची तपासणी, पुढे दरवर्षी. विमा, पीयूसी, टॅक्स, नॅशनल परमिट, प्रत्येकाची तारीख वेगळी. शंभर गाड्यांच्या मालकाला हे सांभाळणारा माणूस लागतोच. केमिकलचे टँकर चालवणाऱ्यांकडे तर काम आणखी काटेकोर. तिथे ड्रायव्हरचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण आणि लायसन्सवरची तशी नोंदही बघावी लागते. बी.कॉम. पूर्ण करू द्या, सोबत जीएसटी आणि मालासोबत लागणारं ई-वे बिल शिकू द्या, मग लॉजिस्टिक्सचा एखादा डिप्लोमा.

पण आधी त्याला विचारा. आणि हेच काम त्याला आवडत असेल, तर या महिन्यापासून तिन्ही गाड्यांचे कागद त्याच्याकडे सोपवा, पगार ठरवा, आणि त्याने अडवलेली गाडी निघणार नाही, हे ड्रायव्हरांसमोर सांगा.