भंडाऱ्याला गाव, ग्रामसभेला बारा टाळकी

प्रश्न : आमच्याकडे भंडाऱ्याची वर्गणी न मागता येते, पंगतीत वाढायला पन्नास पोरं उभी राहतात. ग्रामसभेला मात्र बारा माणसं, त्यातले सात पंच. एवढा एकोपा असून असं का?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, आधी माझीच चूक सांगतो. बरीच वर्षं आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन ओट्यावर यायचा. चहा पिता पिता मी सही ठोकायचो, झाली ग्रामसभा! मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. ती अशी ओट्याओट्यावर भरायची. ‘माले काय तेनं?’ हे आमचं ब्रीद.

भंडाऱ्यावर भरवसा का, ते बघा. दुसऱ्या दिवशी पारावर भोंग्यातून हिशेब वाचतात. वांगी एवढ्याची, बट्टीचं पीठ एवढ्याचं, उरले 340. चुकलं की एखादी म्हातारी तिथंच हटकते. ग्रामपंचायतीचा जमाखर्च असा कधी कानावर पडलाय?

माझे मामा पांझरा नदीकाठचे, फडावरचे. फड म्हणजे एकाच पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचा गट. एका फडात एकच पीक, आणि पाणी शेतकऱ्याने नाही, पाटकऱ्याने सोडायचं. मामांचा शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टात दावा, बोलणं बंद. पण पाटातला गाळ काढायला दोघं एकाच चरात घमेली उचलायचे. माया नव्हती, पाळी ठरलेली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

अमेरिकेचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 1970 पासूनच्या इटलीतल्या प्रादेशिक सरकारांचा अभ्यास केला. जिथं गायनमंडळं, क्लब दांडगे, तिथं कारभारही उजवा दिसला. भजनी मंडळं आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत म्हणा. तुमच्या मंडळात दुसऱ्या आळीचा टाळकरी आहे का, तेवढं बघा. भाऊबंदकीतला एकोपा आळीच्या तोंडाशी संपतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी 11 ला सभा ठेवली, तर मजूर बाई रोज बुडवून येईल कशी? संध्याकाळची वेळ मागा. सुरुवातीलाच मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावा आणि त्यातल्या एकाच कामाचा, समजा गटारीचा, खर्च विचारा. एकदम सगळं उकरू नका, पंच बिथरतात. जाताना दुसऱ्या आळीतल्या दोघांना सोबत घ्या.

आणि रजिस्टर ओट्यावर आलं, तर शिपायाला चहा जरूर पाजा. सही करू नका.