जुन्या क्रेडिट कार्डाची वसुली आणि एक ‘हां’

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांची एक भीती ठरलेली. दहा-बारा वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड, तेव्हा भरता आलं नाही, पुढे बँकही गप्प झाली आणि आपणही विसरलो. आता अचानक रोज फोन. घरी पोलीस येतील का? थोडे पैसे टाकून मोकळं व्हावं का? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका काकांची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकांचं दौलतगंजात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. 2013 मध्ये ते बसलं तेव्हा कार्डावर चाळीसेक हजार थकले होते. त्यानंतर त्यांनी ना काही भरलं, ना कुठे सही केली. आता मागणी 1,86,000 ची, आणि त्याच दमात सवलतही: “आज शाम तक अट्ठाईस हज़ार भर दो, केस बंद.” मुलीचं लग्न ठरलेलं. ते फोनवाल्याला कसं कळलं कोण जाणे, बहुधा साखरपुड्याच्या फोटोंवरून. पण “समधी के घर नोटिस जाएगा” म्हटल्यावर काकांची झोप उडाली. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागद त्यांनी दाखवला. वर तीन सिंहांचं चिन्ह, खाली ठळक अक्षरांत ‘लोक अदालत गिरफ़्तारी वारंट’, लाल शिक्का, आणि पैसे भरायला कुणा बाईच्या नावाचा यूपीआय आयडी. मला हसू आलं, काकांना अर्थातच नाही. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी असतील तरच तडजोड होते. ती थकबाकीसाठी कुणाला अटक करत नाही. कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे. कार्ड घेताना खोटी कागदपत्रं दिली असतील किंवा दिलेला चेक परत गेला असेल तर गोष्ट निराळी. काकांचं तसं काही नव्हतं.

आम्ही बोलत असतानाच फोन वाजला. काकांना म्हटलं, स्पीकरवर टाका आणि फक्त ऐका. पलीकडचा पोरगा आधी गरजला, मग एकदम मवाळ झाला. “अंकल, पैसा बाद में देख लेंगे. आप बस लिखकर भेज दीजिए, हां, मेरा बकाया है और मैं भुगतान करूंगा. एक लिंक भेज रहा हूं, ओटीपी डालकर साइन कर दीजिए.” काकांचा चेहरा उजळला. पैसे नकोत म्हणतोय, मग लिहून द्यायला काय हरकत? मी मानेनेच नाही म्हटलं.

खरी मेख इथेच असते. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा थकबाकीचा दावा साधारण 3 वर्षांत लावावा लागतो. काकांची मुदत केव्हाच उलटलेली. पण मुदत संपलेलं कर्जही ‘मी फेडीन’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा, कोर्टात चालणारा करार ठरू शकतो. ओटीपीची ई-सहीसुद्धा सही धरली जाऊ शकते. मेलेल्या कर्जात जीव फुंकायचा तर तो कर्जदाराच्याच हातून फुंकावा लागतो, आणि हे त्या पोराला माझ्याइतकंच ठाऊक होतं. (कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आहे. ज्यांचं खातं त्या सुमारास थकलं, त्यांनी बोटं मोजत न बसता वकील गाठावा.)

काकांना मी दोन कामं दिली. एक, क्रेडिट रिपोर्ट काढणं. सिबिलसारख्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्यात बँकेच्या नावापुढे ‘रिटन ऑफ’ (बँकेने हिशेबात बुडीत धरलेलं, माफ केलेलं नव्हे) असा शेरा होता, रक्कम एकसष्ट हजार. फोन करणाऱ्या एजन्सीचा मागमूसही नव्हता. दुसरं, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधणं. हे लोक टाळतात, पण टाळू नये. मागे कधी दावा होऊन हुकूमनामा झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीला 12 वर्षं मिळतात, तिथे तीन वर्षांचं गणित चालत नाही. आणि खरं समन्स आलं तर, कर्ज कितीही जुनं असो, हजर राहायचंच. काकांच्या नावावर काही निघालं नाही.

मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही. पहिलंच वाक्य असं घातलं: “मी कोणतेही देणे मान्य न करता केवळ माहिती मागत आहे.” पुढे विचारलं, ही एजन्सी तुमची आहे का, असल्यास तिचं अधिकारपत्र द्या, खातं कुणाला विकलं असेल तर त्याचा कागद द्या, शेवटचा भरणा कधीचा ते कळवा. फोनच्या वेळाही लिहिल्या, कारण काही फोन रात्री नवाला आले होते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलं आहे की वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचा नाही. नातेवाइकांना गाठून अब्रू काढणंही चालत नाही. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. तो ‘वारंट’चा कागद मात्र आम्ही बँकेच्या उत्तराची वाट न बघता सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकला. पैसे गेलेच असते तर आधी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवायला लावला असता.

कायद्यापेक्षा अवघड काम होतं काकूंना सांगणं. काका आठवडाभर टाळत राहिले. शेवटी म्हटलं, काका, त्या पोराचं सगळं बळ तुम्ही घरात लपवता यातच आहे. काकूंनी ऐकून घेतलं आणि फोन स्वतःकडे घेतला. पुढचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, “भैया, बैंक के लेटरहेड पर लिखकर भेजो, फिर बात करेंगे.” आणि ठेवून दिला. नव्या नंबरांवरून आणखी काही फोन आले, मग तेही थांबले.

बँकेचं उत्तर आलं: तो नंबर आमच्या एजंटचा नाही, खातं आमच्याकडेच आहे.

मग काकांनी मला विचारलं, “पण ताई, पैसे तर मी वापरले होते ना?” मुदत उलटली की कोर्टाचं दार बंद होतं, देणं पुसलं जात नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. फेडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी त्यात पडत नाही. फेडायचंच असेल तर आधी बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीची रक्कम आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, मग थेट त्या कार्ड खात्यात भरणा, शेवटी नो-ड्यूज पत्र. कमी रकमेत मिटवलं तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ राहतं, पुढे कर्ज घ्यायचं असेल तर ते आडवं येऊ शकतं, हेही सांगितलं. काकांनी आकडा मागवायचं ठरवलंय, पण लग्न पार पडल्यावर. काकूंची अट एकच, पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं.