मोटारपंपाच्या चोरीत देवीचे टाक कसे आले?

विदर्भातल्या एका पारधी बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत. पत्र मोठं आहे, कामापुरता भाग असा (टाक म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा):

"वकीलसाहेब, आम्ही फासेपारधी. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत जवळच्या शेतातल्या विहिरीवरचा मोटारपंप चोरीला गेला. दुसऱ्या रात्री तीन वाजता पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. पंप सापडला नाही. काठीनं देवीचं गाठोडं सोडलं, त्यातले चांदीचे चार टाक घेतले आणि आई व भावाला गाडीत घातलं. पंच म्हणून ठाण्यासमोरच्या टपरीवरचा माणूस होता. सकाळी दोन कागदांवर अंगठा घेऊन आईला सोडलं. तिला मराठी वाचता येत नाही, आम्ही घरात पारधी बोलतो. भावाला तिसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, कागदावर अटक मात्र आदल्या संध्याकाळची. आता तो जामिनावर आहे. दर सोमवारी ठाण्यात येऊन हजेरी दे, असं त्याला सांगितलंय. आई रात्रभर ठाण्यात होती म्हणून जातपंचायत दंड मागते आहे. चैत्रात देवीची पूजा आहे आणि टाक ठाण्यात आहेत. आम्ही काय करावं?"

ताई, आधी हजेरीचं बोलू, कारण पुढचा सोमवार लांब नाही.

हा शब्द तुमच्या आजोबांनी ऐकला असणार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी ठाण्यात किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर माणसं तारेच्या कुंपणात ठेवली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. देशभरातून हा कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. तुमच्या ठाण्यातल्या कुणाला ती तारीख अजून कळलेली दिसत नाही.

आज एखाद्याला ठरावीक दिवशी ठाण्यात बोलावायचं तर आधार लागतो. एक, जामिनाच्या आदेशात न्यायालयानंच तशी अट घातलेली असणं. म्हणून पहिलं काम, भावाच्या जामीन आदेशाची प्रत काढा आणि अटी शब्दन् शब्द वाचा. अट असेल तर ती पाळायचीच, जाचक वाटली तर शिथिल करायला अर्ज करू. दोन, तपासासाठी लेखी नोटीस. तीन, चांगल्या वर्तणुकीच्या हमीची कारवाई, म्हणजे चॅप्टर केस. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२८, १२९ खाली चालते आणि तिलाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची लेखी नोटीस व सुनावणी लागते. सराईत गुन्हेगार म्हणून नोंद करायची तर मागे न्यायालयातल्या शिक्षा असाव्या लागतात, नुसता संशय पुरत नाही. यातलं काहीच नसेल तर "सोमवारी ये" हा तोंडी हुकूम आहे, आणि तोंडी हुकमाला उत्तर एकच: "साहेब, लेखी द्या, मी वकिलासोबत येतो." वाद घालू नका, आवाज चढवू नका. ठाणेदारांच्या नावे अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या, एक प्रत रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. माझा अनुभव असा की निम्म्या हजेऱ्या त्या पोचपावतीवरच संपतात.

अर्जात दोन निकालांचा उल्लेख जरूर करा. ७ मे २०२४ ला अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की केवळ मागास किंवा वंचित समाजातला आहे म्हणून निरपराध माणसाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या नजर ठेवायच्या यादीत, यांत्रिकपणे चढवता येणार नाही. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात, जे मुळात तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल होतं, न्यायालयानं पोलिसांना स्पष्ट निर्देश दिला की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार (विनाकारण अटक टाळण्याबद्दलचा) आणि अमानतुल्ला खान निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळा. तुमच्या भावासाठी यापेक्षा नेमका आधार शोधूनही मिळणार नाही.

आता आईचं. इथे पोलिसांना दोन्हीकडून अडचण आहे. अटक केली म्हणतील तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३(५) आड येतं: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला अधिकाऱ्यानं, लेखी अहवाल करून आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. अटक नव्हती, नुसती चौकशीला नेलं म्हणतील, आणि तसंच म्हणतील, तर कलम १७९ आहे: साक्षीदार म्हणून विचारायचं तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय कुठेही हजर राहायला सांगता येत नाही. पहाटे तीनला गाडीत घालणं या दोन्हींत बसत नाही.

अंगठ्याच्या दोन कागदांची फार धास्ती घेऊ नका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असं कलम १८१ सांगतं, आणि पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो, आणि इथे पंप सापडलेलाच नाही. पण ते कागद कोरे होते का, त्यांवर काय लिहिलं होतं, कुणी वाचून दाखवलं का, हे आईला शांतपणे विचारा आणि तारखेसह आजच लिहून ठेवा. भाषेचा मुद्दा भावाच्या बाबतीत जास्त मोलाचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की अटकेची कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि ताबडतोब देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. भाऊ मराठी शाळेत शिकला असेल तर भाषेची तक्रार टिकणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण कारणं लेखी दिली का, एवढंच विचारलं तरी पुष्कळ.

खरा कस लागेल तो तारखांवर. उचललं पहाटे तीनला, अटक दाखवली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे मधले तास कागदावर नाहीतच. घटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचं असतं, आणि माझं म्हणणं असं की घड्याळ त्याला गाडीत घातलं तेव्हापासून चालू झालं, पोलिसांनी वहीत वेळ टाकली तेव्हापासून नव्हे. हे सिद्ध करायला सीसीटीव्ही हवा. परमवीर सिंग सैनी निकालानं २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रीकरण किमान वर्षभर जपणं बंधनकारक केलं. तरी वाट पाहू नका. दोन रात्रींचं फुटेज, स्टेशन डायरी आणि गाड्यांची लॉगबुकं जपून ठेवावीत असा अर्ज न्यायालयात याच आठवड्यात पडला पाहिजे. आपण उशिरा मागितलं की कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद असतो.

टाकांबद्दल लिहिताना मला थोडा राग येतो आहे. एफआयआर मोटारपंपाच्या चोरीची. पंप लोखंडाचा. जप्ती पंचनाम्यात "चांदीच्या पाट्या, चोरीच्या असल्याचा संशय". कुणाच्या चोरीच्या? फिर्यादीची चांदी गेलेलीच नाही. तुमच्या-माझ्या गावात घरोघरी देवघरात खंडोबाचे, कुळदैवताचे टाक असतात, त्यांची सोनाराची पावती किती जणांकडे आहे? पण पारध्याच्या गाठोड्यात तेच टाक दिसले की ती पाटी होते.

संशयावरून वस्तू जप्त करायचा अधिकार कलम १०६ देतं, पण ती जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. झडतीला कलम १०३ प्रमाणे त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. टपरीवरचा माणूस त्या वस्तीतला नाही, आणि रोज ठाण्याला चहा पुरवणारा स्वतंत्र कसा? १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रीकरणही सक्तीचं आहे, कलम १०५. तेव्हा काठीनं गाठोडं सोडताना मोबाईल चालू होता का, आणि असेल तर ते चित्रीकरण कुठे आहे, हा प्रश्न आपण विचारणार. उत्तर काहीही आलं तरी उपयोगी आहे.

टाक परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली मुद्देमाल परतीचा अर्ज करायचा. सुंदरभाई देसाई निकालानं २००२ मध्येच सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नका, फोटो व पंचनामा करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करायच्या हमीवर, परत द्या. चैत्राची पूजा अर्जात ठळक लिहू आणि तातडीनं सुनावणी मागू. आणखी एक विनंती त्यात घालू, जी सहसा कुणी घालत नाही: परत देताना टाक घरातल्या ज्या पुरुषाच्या हाती पूजेची रीत आहे त्याच्याच हाती द्यावेत, मालखान्यात पुन्हा उघडून हाताळू नयेत. न्यायालयं अशी विनंती ऐकतात. पोलिसांनीही त्या रात्री एवढंच केलं असतं, म्हणजे घरच्या माणसाला म्हटलं असतं "तूच सोड गाठोडं, आम्ही बघतो", तरी झडती पूर्ण झाली असती आणि देवीही बाटली नसती. समाजाची रीत सांभाळून पोलिसी काम करणं याहून अवघड नसतं.

पत्रात पुढे अॅट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, विचारलंय. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून तुम्हाला तो कायदा लागू आहे. सगळ्याच विमुक्तांना नाही: कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत येतात, बाकी बहुतेक महाराष्ट्रात विमुक्त जातीत, आणि तिथे हे दार बंद. तुमच्या प्रकरणात कलम ३(१)(टी) म्हणजे समाजानं पवित्र मानलेल्या वस्तूचं नुकसान किंवा विटंबना, ३(१)(पी) म्हणजे खोटी, त्रासदायक फौजदारी कारवाई, आणि लोकसेवकानं कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केल्याचं कलम ४, असे मुद्दे दिसतात. पण दोन गोष्टी आधी तपासतो. आलेल्या पोलिसांपैकी कोण स्वतः अनुसूचित जाती-जमातीचे आहेत? त्यांना हा कायदा लागत नाही. आणि तो टपरीवाला पंच पोलिसांच्या बाजूनं बोलला तर आपल्या बाजूनं बेड्यावरचं कोण बोलेल? लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं मागवू शकतात, म्हणजे वेळ जाणार. माझं मत: आधी टाक, मग फुटेज, मग हे. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार मात्र समांतर करू.

जातपंचायतीचा दंड कायद्यानं बेकायदा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा खास त्यासाठीच झाला. पण त्यातली फिर्याद उद्याच ठोका असं मी सांगणार नाही. आईला त्याच बेड्यावर राहायचं आहे. एक करून पाहा: कलम ४३(५) आणि १७९ चा कागद मी मराठीत लिहून देतो, तो पंचांना पारधीत वाचून दाखवा. बाई रात्री ठाण्यात राहिली हा तिचा दोष नाही, तिला तिथे नेणाऱ्यांनीच कायदा मोडला, हे लेखी पाहून काही पंच नरमतात. नाही नरमले तर मग कायदा आहेच.

फीची काळजी करू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा. अॅट्रॉसिटीची हेल्पलाईन १४५६६.

येताना एफआयआरची प्रत, जामीन आदेश, जप्ती पंचनामा, भावाचा आणि आईचा जमातीचा दाखला आणा. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही निघते. टाक घडवणारा किंवा उजळणारा सोनार हयात असेल तर त्याचं नाव-गाव विचारून ठेवा. आणि गेल्या वर्षीच्या पूजेचा कुणाच्याही मोबाईलमध्ये फोटो असेल, मागे टाक दिसत असतील, तर तो फोटो व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नका. ज्या मोबाईलनं काढला तो मोबाईलच घेऊन या, मूळ फाईल आणि तिची तारीख त्यातच असते.