अकरावीचे भौतिकशास्त्र : मुख्य पुस्तक कोणते मानावे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाली असून आता अकरावी विज्ञान शाखेत आहे. भौतिकशास्त्रासाठी बालभारती, एनसीईआरटी, एच. सी. वर्मा आणि हॅलिडे-रेसनिक अशी चार नावे निरनिराळ्या लोकांनी सुचवली आहेत. बारावीनंतर तिला एमएचटी-सीईटी द्यायची आहे. यांपैकी कोणते पुस्तक मुख्य मानावे?
— एक पालक, बार्शी

उत्तर : पहिले सहा महिने बालभारतीचेच पुस्तक मुख्य मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सीईटीत सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीवर आणि उरलेले बारावीवर असतात आणि ते राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून असतात, एवढेच त्याचे कारण नाही. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. सदिश (व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेल्या राशी) आणि कलन (कॅल्क्युलस) यांची तोंडओळख तेथे झाल्याशिवाय पुढचे गतीचे प्रकरण विद्यार्थ्याला परके वाटते. त्यातच दहावीपर्यंत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘जडत्व’ म्हणून ओळखीच्या असलेल्या संकल्पना अचानक ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होऊन समोर येतात. मराठी माध्यमातील अनेक मुले विषयाला नव्हे, तर या नामांतरालाच घाबरतात. तिला वहीच्या शेवटी दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी लिहायला सांगा.

एनसीईआरटी उत्तम आहे. मात्र दोन्हींची प्रकरणे जुळत नाहीत. स्थिर विद्युत आणि अर्धवाहक हे विषय आपल्याकडे अकरावीतच सुरू होतात, तर एनसीईआरटीत ते बारावीच्या भागांत सापडतात. हॅलिडे-रेसनिक हे मुळात महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठीचे पुस्तक आहे. तूर्त ते ग्रंथालयातच राहू द्या.

राहिले वर्मा. विद्यार्थ्याचे आवडते पुस्तक व्हावे अशी योग्यता या चारांत मला त्याच्यातच सर्वाधिक दिसते, कारण प्रत्येक प्रकरणात आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे, मग विचार करायला लावणारे छोटे प्रश्न आणि शेवटी भरपूर गणिते अशी चढती रचना आहे. गणितांची केवळ उत्तरे दिलेली आहेत, रीत नाही, ही गोष्ट मला उणीव वाटत नाही. मात्र बळांचे प्रकरण बालभारतीतून पक्के झाल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुटीत, त्याचा पहिला खंड हाती द्यावा.

पुस्तक तिला पचते आहे की नाही हे पाहण्यासाठी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा भाग वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा : घोडा गाडीला जितक्या बळाने ओढतो तितक्याच बळाने गाडीही घोड्याला मागे ओढत असेल, तर गाडी पुढे सरकते कशी? ही दोन बळे दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात आणि घोडा मागे रेटत असलेली जमीनच त्याला घर्षणामुळे पुढे ढकलते, हे पुस्तक मिटून तिने आपल्याला मराठीत समजावून सांगितले, तर ते पुस्तक तिच्यासाठी योग्य आहे. नियमाचे इंग्रजी वाक्य तिने जसेच्या तसे म्हणून दाखवले, तर अजून थांबावे.

वर्मांची जुनी, वापरलेली प्रत घेतली तरी चालेल. बालभारतीचे पुस्तक मात्र चालू आवृत्तीचेच हवे; ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्यही उतरवून घेता येते.