समास कोरा ठेवू नकोस

प्रिय मुली,

तुझी यादी मिळाली. मातीकामावरची आणि काचेवरची २३ पुस्तकं, त्यातली ९ लाल शाईने अधोरेखित, आणि खाली बारीक अक्षरात विचारलं आहेस, 'आधी चाक घेऊ की पुस्तकं?' एवढ्यात दोन्ही नको. जवळच्या कुंभारवाड्यातून पाचेक किलो मळलेली माती आण. आणि पुस्तक एकच घे.

ते एक म्हणजे बर्नार्ड लीचचं 'अ पॉटर्स बुक'. १९४० सालचं आहे, म्हणजे माझ्याहूनही म्हातारं. लीच जन्मला हाँगकाँगला, मातीकाम शिकला जपानमध्ये, आणि १९२० साली हामादा शोजी या जपानी कुंभाराला बरोबर घेऊन त्याने इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज गावी भट्टी घातली. माती कुठून खणायची, राख कशी चाळायची, भट्टी कशी बांधायची, हे तो स्वतः केलेल्या माणसासारखं सांगतो. चांगलं भांडं कशाला म्हणावं यावर त्याची मतं फार ठाम आहेत. ती सगळी पटवून घ्यायची गरज नाही. मला अजून पटलेली नाहीत.

आता त्याच्या पुस्तकातली अडचण सांगते. आजीच्या वहीत 'दोन चमचे गोडा मसाला' असं लिहिलेलं असतं, पण कोणाच्या घरचा? ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, कृतींचं तेच आहे. लीच कॉर्निश स्टोन लिहून मोकळा होतो. तो दगड तुला नाशकात कोण देणार? आणि आपल्याकडचा फेल्डस्पार, म्हणजे ग्लेझमध्ये घालायचा दळलेला दगड, म्हणजे त्याचा फेल्डस्पार नव्हे. गोणीवर नाव तेच असतं, आत पोटॅश किती आणि सोडा किती ते खाणीगणिक बदलतं.

त्याच्या नावाने एक साधं ग्लेझ जगभर चालतं. फेल्डस्पार ४ भाग, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीची पूड ३, व्हाइटिंग म्हणजे खडूची पूड २, चायना क्ले ही पांढरी माती १. लक्षात ठेवायला सोपं, आणि त्यात सगळं शास्त्र येतं. क्वार्ट्झची काच होते. फेल्डस्पार आणि व्हाइटिंग तिला वितळवतात. चायना क्ले तिला भांड्यावर धरून ठेवते, शिवाय बादलीत गाळ तळाशी बसू देत नाही. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा भट्टीच्या मीटरवर १२८० अंश दिसत होते. दार उघडलं तर १४ वाट्या खडूसारख्या कोरड्या. सगळ्या. मी आठवडाभर मातीला, पुस्तकाला आणि दुकानदाराला शिव्या घातल्या. मग कोणीतरी विचारलं, 'कोन ठेवला होतास का?' कोन म्हणजे भट्टीत ठेवायची छोटी त्रिकोणी सुळकी, ठरावीक उष्णता मुरली की वाकते. मीटर फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. कोन किती वेळ किती आच लागली ते सांगतो. पुढच्या वेळी कोन ठेवला आणि कळलं की माझा मीटर ऐंशीएक अंश थापा मारत होता. ते मी लीचच्या त्या पानावर समासात लिहून ठेवलं. तारीख, भट्टी, कोन, गोणी कुठली. त्या दिवसापासून ते पुस्तक माझं झालं.

मला तुला खरं तर एवढंच सांगायचं आहे. मातीकामाचं किंवा काचेचं पुस्तक छापखान्यातून येतं तेव्हा अर्धंच असतं. उरलेलं अर्धं समासात लिहायचं असतं.

हे मी मनाचं सांगत नाही. काचेच्या पुस्तकांचा इतिहासच तसा आहे. १६१२ साली फ्लॉरेन्समध्ये अंतोनियो नेरी नावाच्या पाद्र्याने काच बनवण्यावर इटालियनमध्ये पुस्तक छापलं. तोवर हे ज्ञान कारागिरांच्या घराबाहेर फारसं पडत नसे. ५० वर्षांनी, १६६२ साली, लंडनच्या ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने ते इंग्रजीत आणलं आणि स्वतःच्या भरघोस टिपा जोडल्या. १६७९ साली योहान कुंकेलने नेरी आणि मेरेट दोघांनाही जर्मनमध्ये आणलं. कुंकेल स्वतः काच करणारा होता, माणकासारखी लाल काच सोन्यापासून करण्यात त्याचं नाव होतं. त्याने नेरीच्या कृती करून पाहिल्या आणि कोणती जमते, कोणती जमत नाही ते लिहून टाकलं. म्हणजे एकाच पुस्तकावर ६७ वर्षांत दोन माणसांनी समास भरला. तुझ्या यादीत नेरीचं इंग्रजी भाषांतर आहे. घे, पण कुंकेल काय म्हणाला ते कळल्याशिवाय त्यातलं काही वितळवायला जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट चीनची. फादर दांत्रकोल हा फ्रेंच जेझुइट चिंगदेचेनला राहत होता, जिथे सम्राटाची चिनीमातीची भांडी भाजली जात. त्याने १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रं युरोपला पाठवली. त्यात तो सांगतो की या भांड्यांना दोन पदार्थ लागतात. पेतुन्त्से हा दळलेला दगड म्हणजे मांस, आणि केओलिन म्हणजे हाडं. काही परदेशी लोक नुसता पेतुन्त्से घेऊन मायदेशी गेले, त्यांची भांडी काही झाली नाहीत, आणि तिथला एक व्यापारी हसला की हाडांवाचून नुसत्या मांसाचा देह उभा करायला निघाले होते! आपली चायना क्ले म्हणजे तेच केओलिन. तुझी वाटी चाकावर भसकन बसली की हा व्यापारी आठव.

जुन्या पुस्तकांबद्दल दोन गोष्टी मात्र कडक आवाजात सांगते. एक, शिसं. जुन्या कृतींत शिशाचे क्षार सर्रास असतात. लीचच्या राकूच्या, म्हणजे कमी आचेवर झटपट भाजायच्या जपानी पद्धतीच्या, प्रकरणातही आहेत. वाचून सोडून दे, वजनकाट्यावर घेऊ नकोस. तसं ग्लेझ असलेल्या जुन्या बरणीत लोणचं किंवा चिंचेचं काही ठेवायचं नाही, आंबट पदार्थ शिसं बाहेर काढतो. दुसरं, धूळ. जुन्या लेखकांना क्वार्ट्झच्या धुळीची फारशी चिंता दिसत नाही. तिने होणारा फुप्फुसाचा रोग, सिलिकोसिस, परत फिरत नाही. खोली झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. सुकी पावडर मिसळताना चांगला मास्क लाव. तोंडाला ओढणी बांधून काही होत नाही.

काचेचं बोलू. तू लिहितेस की काचही पुस्तकातून शिकेन. फुंकून करायची काच पुस्तकातून येत नाही. माती थांबते, ओला कपडा टाकून रात्रभर ठेवता येते. काच मधासारखी मऊ असते ती काही क्षणच, तेवढ्यात पान कोण उलटणार? तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर हिंडून एकेक पैसा जमवला होता, टिळकांचा पाठिंबा होता. पैसा होता, उत्साह होता, पण काच शिकवायला जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय लागले. पुस्तकं त्यांच्याकडेही असतीलच.

पण भट्टीत तुकडे जोडून करायची काच, ज्याला फ्यूझिंग म्हणतात, ती तू घरी करू शकशील, आणि तिथे पुस्तक खरंच कामाचं आहे. दोन आकडे पाठ कर, ९० आणि ९६. फ्यूझिंगची काच प्रसरणाच्या या दोन मापांत मिळते आणि दोन्ही एकत्र करायच्या नाहीत. भट्टीतून निघताना सुरेख दिसेल, मग कधीतरी मध्यरात्री कपाटात टिक् करून तडकेल. आणि काच ५०० अंशांच्या आसपास थांबवून सावकाश गार करायची. किती सावकाश, ते जाडीवर आहे. ते तक्ते पुस्तकात बघ, अंदाजाने करू नकोस.

जुनी भांडी-बाटल्या जमवण्याबद्दल तू फार घाबरत घाबरत विचारलं आहेस, जणू श्रीमंतांचंच काम. मी सुरुवात गोटी सोड्याच्या बाटलीपासून केली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. गळ्यात गोटी, वर रबराची कडी, आतला वायूच गोटी वर दाबून बूच लावतो. बाटलीवर कारखान्याचं नाव उठावात असतं, म्हणजे ती स्वतःच स्वतःची नोंद घेऊन येते. त्यानंतर ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच घेतली. हे जुन्या बाजारात अजून मिळतं. हातात घेतलंस की साच्याची शिवण कुठून कुठे जाते ते बोटाने बघ. तळाशी खरखरीत वण असेल तर ती काच फुंकताना लोखंडी दांडीवर धरलेली होती. हे वाचलेलं असलं की बोटालाच कळतं.

चिनीमातीची बशी घेतलीस तर आधी पालथी कर. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून जपानी मालावर १८९१ पासून 'निप्पॉन' येतं आणि १९२१ नंतर 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९४५ ते १९५२. इंग्रजी बशीवर चौकोनी हिरकणीचा शिक्का असेल तर १८४२ ते १८८३ मधलं डिझाइन. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या पेट्रस रेगू कारखान्याचा स्फिंक्सचा शिक्काही तुला भेटेल. शिक्क्यांचे जाडजूड कोश आहेत, जॉफ्री गॉडनचा १९६४चा त्यातला मोठा. तो विकत घेऊ नकोस, ग्रंथालयात बस. आणि शिक्क्यावर आंधळा विश्वास नको. चीनमध्ये कांगशी सम्राटाच्या काळातल्या भांड्यांवर दोनशे वर्षं जुन्या छंगह्वा सम्राटाचा शिक्का सापडतो. बऱ्याचदा तो फसवायला नसून पूर्वजांच्या आदरापोटी घातलेला असतो. दुकानदार मात्र आदरापोटी किंमत सांगत नाही.

शिक्क्याच्या आधी कान वापर. माठ घेताना आजी वाजवून घ्यायची ना? तेरच्या गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट म्हणजे कुंभाराची रोजची परीक्षाच. भांडं बोटांवर तोलून टिचकी मार. भाजलेलं खणखणीत बोलतं, बारीक तडा असला की बद्द. संगमनेरजवळच्या जोर्वेची तीन हजार वर्षं जुनी तांबडी, काळ्या रेघांची भांडीही धातूसारखी वाजतात असं उत्खनन करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. संग्रहालयात ती वाजवू देणार नाहीत, प्रयत्न करू नकोस.

आणि हो, कुठल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खापरं पडलेली दिसली तर उचलून पिशवीत घालू नकोस. जागेवरून हललं की त्या खापराला सांगण्यासारखं काही उरत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. पाहायचंच असेल तर तेरच्या लामतुरे संग्रहालयात जा. मुंबईला गेलीस तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी बघ. जॉर्ज टेरी तिथे शिकवत असताना सुरू झालेलं काम, अजिंठ्याची नक्षी ग्लेझखाली. वही घेऊन जा आणि फोटो काढण्याआधी एक भांडं चित्रात उतरव. काठाचा उतार कॅमेऱ्याला दिसतो, हाताला मात्र काढल्यावरच कळतो.

लीचची दुसरी प्रत पाठवते आहे, म्हणजे ती तुला विकत घ्यायला नको. फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली होती, पुठ्ठा सुटलेला आहे. आधीचा मालक कोण होता ते कळलं नाही, पण राखेच्या ग्लेझच्या पानावर त्याने पेन्सिलीने, मराठीत, लिहून ठेवलं आहे: 'बाभूळ, हिरवट. भाताचं तूस, दुधी, छान.' आणि त्याखाली 'आंबा' लिहून नुसतं प्रश्नचिन्ह. आमच्या अंगणातला रायवळ आंबा गेल्या पावसात पडला. त्याचं सरपण जाळून झालंय आणि पोतंभर राख मागच्या पडवीत आहे. येताना झाकणाचा डबा घेऊन ये.

तुझी,
मावशी