गुहागरच्या घराला नाव काय द्यावे?

प्रश्न : गुहागरला आमचे जुने चिरेबंदी, कौलारू घर आहे. पुढे ओटी व झोपाळा, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर. घरी काकू राहतात. दोन खोल्या दुरुस्त करून त्या पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी द्याव्यात, असा विचार आहे. पुतण्याने ‘सी पर्ल रिसॉर्ट’ हे नाव सुचवले असून लाट आणि माड असलेले बोधचिन्हही तो करून घेणार आहे. काकूंच्या स्वयंपाकघरात मासळी शिजत नाही. हे आधीच सांगितल्यास गिऱ्हाईक कमी होईल, अशी त्याला भीती वाटते. ब्रँडची ओळख घडवण्यास सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : बोधचिन्हाचे काम तूर्त थांबवावे आणि नावातून ‘रिसॉर्ट’ हा शब्द काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिसॉर्ट म्हटले की पाहुण्याला पोहण्याचा तलाव आणि हाकेसरशी येणारा नोकरवर्ग अपेक्षित असतो. आपल्याकडे ते नाही; आणि जे आहे, म्हणजे ओटी, वाडी व काकूंच्या हातचे जेवण, त्याची या नावातून कल्पनाही येत नाही. या व्यवसायात पाहुणा पैसे आधी देतो व घर नंतर पाहतो, त्यामुळे नाव, छायाचित्रे आणि वर्णन मिळून आपण त्याला एक शब्द दिलेला असतो, आणि तो पाळला गेला की नाही हे तो परत जाताच चार ओळींत जाहीरपणे लिहितो. म्हणून घर कोणासाठी आहे, येथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी काकूंना शेजारी बसवून कागदावर लिहून काढावे. माझ्या मते हे घर आजी-आजोबा व मुले यांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाचे आहे. रात्री उशिरापर्यंत गाणी लावून बसणाऱ्या मित्रमंडळाचे नाही, आणि तसे नम्रपणे पण स्पष्ट लिहावे.

मासळीची गोष्ट लपवू नये. उलट ती वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच यावी. घावन, आंबोळी, मेतकूट-भात, सोलकढी, हंगामात फणसाची भाजी आणि आदल्या दिवशी सांगितल्यास उकडीचे मोदक, एवढे ज्या घरात निगुतीने होते, त्याने वीस पदार्थांचे मेनूकार्ड छापण्याची गरज नाही. ज्याला सुरमईच हवी त्याला गावातली चांगली खाणावळ सुचवावी. शाकाहारी घर मुद्दाम शोधणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आपण नेमके सापडाल. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी साधे जेवण जेवून राहतात. आपण कशासाठी जात आहोत हे त्यांना निघतानाच ठाऊक असल्यामुळे साधेपणाबद्दल सहसा तक्रार होत नाही.

नावासाठी प्रथम शेजाऱ्यांना विचारावे. गावात आपले घर ज्या नावाने ओळखले जाते, मग ते आळीवरून असो, विहिरीवरून असो वा एखाद्या जुन्या झाडावरून, ते नाव बहुधा सर्वांत चांगले असते, कारण नाक्यावर पत्ता विचारणाऱ्या पाहुण्याला कोणीही घर दाखवू शकतो. ‘सी’ किंवा ‘सागर’ने सुरू होणारी नावे किनाऱ्यावर इतकी आहेत की त्यांत आपले घर हरवेल. निवडलेले नाव गुगल मॅप्सवर व एअरबीएनबी या घरे-खोल्या मुक्कामासाठी देण्याच्या संकेतस्थळावर शोधून पाहावे, रोमन लिपीतील त्याचे स्पेलिंग एकदाच ठरवावे आणि पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीपासून पावतीपर्यंत तेच ठेवावे.

बोधचिन्हासाठी राखलेले पैसे छायाचित्रांवर खर्च करावेत. एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये स्वतः कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कमधील यजमानांच्या घरी गेले होते, कारण तेथील अंधुक छायाचित्रे पाहून कोणी घर घेण्यास धजावत नव्हते. कौलारू घरात माजघर काळोखे असते. तेव्हा खिडक्या-दारे सताड उघडून, ऊन आत येते त्या वेळी छायाचित्रे घ्यावीत. खोली आहे त्याहून मोठी दाखवणारे भिंग वापरू नये. न्हाणीघराचे छायाचित्र अवश्य द्यावे, कारण ज्येष्ठांना घेऊन येणारे कुटुंब प्रथम तेच पाहते. समुद्राच्या छायाचित्राखाली ‘चालत दहा मिनिटे’ असे लिहावे. अंगणातून लाटा दिसतात असा भास निर्माण करू नये.

रंग एकच पुरेसा आहे, आणि चिऱ्याचा तांबडा आपल्या भिंतीतच आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. फाटकावरची पाटी मात्र मोठी व ठळक असावी, कारण चिपळूणला रेल्वेतून उतरून रात्री पोहोचणाऱ्या पाहुण्याला ती मोटारीच्या दिव्यांत वाचता आली पाहिजे.

व्यापारचिन्हाची (ट्रेडमार्कची) नोंदणी पहिला हंगाम पार पडल्यावर करावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार केवळ ठिकाण किंवा सेवेचा प्रकार सांगणारे नाव सहसा नोंदले जात नाही, म्हणून ‘गुहागर बीच होमस्टे’ यासारखे नाव टाळावे. निवास व भोजनसेवा व्यापारचिन्हांच्या ४३ व्या वर्गात येतात, आणि नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. तोपर्यंत पाहुण्यांना घराचे कोणते नाव तोंडी बसले आहे, हेही आपल्या ध्यानात येईल. पुतण्याच्या बोधचिन्हाचा विचार त्यानंतर करावा.