ग्लासात काय, बिलात काय : वाइनच्या यादीबद्दल वाचकांचे प्रश्न

घराजवळच्या छोट्या रेस्तराँत हल्ली वाइनची यादी ठेवली आहे. चौदा नावं, १,६०० ते ४,५०० रुपये. यादी खरंच विचार करून केलेली आहे की नुसती छापलेली, हे आधीच कसं ओळखायचं? – एक वाचक, पुणे

चौदा नावं पुष्कळ झाली. अशा ठिकाणी चाळीस दिसली असती, तर काळजी करायची. दिवसाला मोजक्याच बाटल्या खपतात, त्यामुळे यादी जितकी लांब तितका प्रत्येक बाटलीचा मुक्काम वाढतो.

नावापुढे काय लिहिलंय ते बघा. उत्पादक, द्राक्षाची जात आणि साल (म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष), तिन्ही हवीत. नुसतं ‘हाउस रेड’ लिहिलं असेल तर बाटली दाखवा म्हणावं. त्यात संकोच कसला? सगळी नावं एकाच कंपनीची असतील, तर बहुतेकदा कार्डही त्याच कंपनीनं छापून दिलेलं असतं. वाइन त्यामुळे वाईट ठरत नाही, पण निवड रेस्तराँची नाही एवढं कळतं. नाशिकच्या दोन-तीन वायनरी, अकलूजची फ्रातेल्ली, नंदी हिल्सची ग्रोव्हर झाम्पा असं थोडं थोडं असेल, तर कुणीतरी डोकं चालवलेलं आहे.

सालाला सर्वांत जास्त महत्त्व द्या, विशेषतः व्हाइट आणि रोझेच्या (गुलाबी वाइनच्या) बाबतीत. आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणजे त्या सालची व्हाइट त्याच वर्षी बाजारात येऊ शकते. शेनिन ब्लां किंवा सॉव्हिन्यॉन ब्लां या द्राक्षांच्या साध्या व्हाइटला दोन वर्षं उलटून गेली असतील तर सोडून द्या. कार्डावर साल नसेल तर मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याचा महिना-वर्ष सापडतं. पिंपात मुरलेल्या चांगल्या शिराझला (ही रेड) चार-पाच वर्षं चालतात, पण बाटली थंड जागी असेल तरच. बारच्या वरच्या फळीवर, दिव्याखाली किंवा कॉफी मशीनशेजारी बाटल्या मांडल्या असतील, तर पुण्याचा एक एप्रिल-मेसुद्धा त्यांना भारी पडतो. उष्णतेनं वाइन प्रसरण पावते आणि बूच वर ढकलते. वेष्टणाखाली चिकट ओघळ दिसला की ती बाटली नको.

आता किंमत. लेबलवर एमआरपी असते, तिच्याशी ताडून बघा. दुप्पट ते अडीचपट हा रेस्तराँचा रास्त भाव. तिपटीच्या वर गेलं की जागेचं भाडं तुम्ही भरताय. स्वस्त आयात वाइन टाळलेली बरी. आयात वाइनवर मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के होतं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, पण त्याची सवलतही ५ डॉलरच्या वरच्या बाटल्यांना. म्हणजे खालच्या दर्जाच्या बाटलीत पैसे वाइनपेक्षा करातच जास्त जातात. त्याच पैशात नाशिकची बाटली सरस मिळते. बिलावरही नजर टाका : जेवणावर जीएसटी असतो, मद्यावर नसतो, तिथं राज्याचा व्हॅट लागतो. वाइनची रक्कम जीएसटीत घुसवलेली असेल तर दुरुस्त करून घ्या.

दोघांनी ग्लास मागवावेत की बाटली?

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात. ग्लासचा दर सहसा बाटलीच्या चौथ्या भागाइतका ठेवतात : बाटली १,८००, तर ग्लास ४५०. दोघं मिळून चार ग्लास घेणार असाल, तर बाटलीच घ्या, पाचवा फुकट. आधी विचारा, ग्लास किती मिलीचा? १२० मिली निघाला तर हिशेब आणखी बिघडतो.

दुसरा प्रश्न : “बाटली कधी उघडली?” उघडी व्हाइट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. काउंटरवर राहिलेली रेड आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच उतरते. शुक्रवार-शनिवारी भरणाऱ्या जागी मंगळवारचा ग्लास बहुधा रविवारच्या बाटलीतला असतो. अशा दिवशी ३७५ मिलीची अर्धी बाटली आहे का विचारा.

रेड नेहमी कोमट येते. बर्फ घातला तर हसतील का?

हसू देत, पण बर्फानं वाइन पातळ होते. बादली मागवा, तीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि गारवा पोहोचत नाही. रेडला दहा मिनिटं, व्हाइटला वीस. ‘रूम टेंपरेचर’ हे थंड देशातल्या खोलीचं, १६-१८ अंशांचं. आपल्या ३२ अंशांत रेडमधला अल्कोहोल नाकात चढतो, बाकी काही कळत नाही.

मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर वेटर कडक रेडच सुचवतो. बरोबर आहे का? – कोल्हापूर

नाही. मटण म्हणजे रेड हा नियम भाजलेल्या, कमी मसाल्याच्या मांसासाठी. तुरट कॅबर्नेसारखी रेड आणि १४ टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. बऱ्याच नाशिककर शेनिन ब्लांमध्ये किंचित गोडी असते; ती गार करून घ्या, किंवा रिसलिंग ही दुसरी व्हाइट. रेडच हवी असेल तर हलकी, कमी तुरट मागा आणि थोडी गार. तळलेल्या सुरमईला मात्र सॉव्हिन्यॉन ब्लांच, तिचा आंबटपणा लिंबाची फोड पिळल्यासारखा काम करतो.

बाटली परत करता येते का?

दोष असेल तर येते, आवडली नाही म्हणून नाही. वेटर आधी थोडी ओततो ती वास घेण्यासाठीच. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष सहसा येत नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास, तपकिरी झालेली व्हाइट, हीही कारणं ग्राह्य. पहिल्या घोटालाच सांगा. अर्धी बाटली संपल्यावर कुणी ऐकत नाही, आणि ते रास्तच आहे.